आर्क्टिकच्या वाटेवरील दोन चाके

(नभोवाणीवरील भाषण)

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून जी लोखंडी पट्टी चढवी, तिला धाव म्हणत. धाव सैल झाली की गाडीवान वाटेतल्या ओढ्यात चाक भिजत ठेवी. लाकूड फुगे, धाव घट्ट बसे आणि गाडी पुढच्या गावापर्यंत सुखरूप जाई. पुढचे गाव दोन-चार कोसांवर असल्यामुळे एवढा उपाय पुरत असे. परंतु जेथे पुढचा पेट्रोलपंप ३६९ किलोमीटरांवर आहे आणि मधल्या वाटेवर पंक्चर काढणारा सोडाच, हाक मारली तर ओ देणाराही बहुधा भेटत नाही, अशा रस्त्यावर चाकाचा विचार घर सोडण्यापूर्वीच करून ठेवावा लागतो. असा एक रस्ता कॅनडाच्या वायव्य टोकाला आहे आणि दुसरा त्याच्या शेजारी, अमेरिकेच्या अलास्का राज्यात आहे. दरवर्षी उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत जगाच्या कानाकोपऱ्यांतून मोटारसायकलस्वार या दोन रस्त्यांवर येतात. त्यांनी टायरची योजना कशी करावी, श्रोतेहो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पुणे, बेळगाव, हैदराबाद, वडोदरा येथील तरुणांना हा विषय अगदीच परका वाटू नये. मोटारसायकलवरून लडाखला जाण्याची हौस आता गावोगावी पोचली आहे. मनालीहून लेहला जाताना तांदी येथील पेट्रोलपंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याची पाटी अनेक वर्षे होती आणि तिच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढून घेणे हा त्या यात्रेचा एक विधीच होऊन बसला होता. फरक इतकाच की लडाखच्या वाटेवर लष्कराच्या गाड्यांचा तांडा दिवसातून एकदा तरी भेटतो आणि तंबू ठोकून चहा देणारा कोणी तरी असतो. उत्तरेकडच्या या दोन रस्त्यांवर तोही आधार फार थोडा.

पहिला रस्ता म्हणजे डेम्प्स्टर महामार्ग. सोन्याच्या शोधामुळे १८९६ नंतर गाजलेल्या क्लोंडाइक प्रदेशात डॉसन सिटी नावाचे लहानसे शहर आहे. तेथून सुमारे ४० किलोमीटरांवर हा रस्ता फुटतो आणि आर्क्टिक वृत्त ओलांडून ७३६ किलोमीटरांवरील इनुविक या गावी पोचतो. त्याचे काम १९५९ मध्ये सुरू झाले आणि तो १९७९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इनुविकपासून टुक्टोयाक्टुक या समुद्रकाठच्या वस्तीपर्यंत सुमारे १४० किलोमीटरांचा रस्ता तयार झाला, तेव्हापासून मोटारसायकल थेट आर्क्टिक महासागराच्या पाण्यापर्यंत नेता येते. दुसरा रस्ता अलास्कातील डाल्टन महामार्ग. तेलाच्या नळासाठी १९७४ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत बांधलेला हा ६६६ किलोमीटरांचा रस्ता टोकापर्यंत सर्वांसाठी खुला झाला तो १९९४ मध्ये. त्यावर कोल्डफूट ते डेडहॉर्स हा सुमारे ३८५ किलोमीटरांचा टप्पा असा आहे की त्यात ना पेट्रोल, ना उपाहारगृह.

इतक्या वर्षांत हे रस्ते पूर्णपणे डांबरी का झाले नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. तेथील जमीन वर्षानुवर्षे गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थोडा थर वितळतो, तेवढाच. त्यावर काळेभोर डांबर टाकले तर ते ऊन शोषून घेते, खालचे बर्फ वितळू लागते आणि रस्ता खचतो. म्हणून तेथील अभियंत्यांनी जमिनीवर खडीचा जाड थर रचला. हा थर खालच्या बर्फाला गोधडीसारखा झाकून ठेवतो आणि त्याच गोधडीवरून वाहने धावतात. डाल्टनचा काही भाग आता डांबरी झाला आहे. डेम्प्स्टर मात्र जवळजवळ संपूर्ण खडीचाच आहे.

ही खडी म्हणजे नदीकाठची गुळगुळीत वाळूगोटी नव्हे. डेम्प्स्टरच्या बऱ्याच भागात शेल नावाचा खडक फोडून टाकला आहे. शेल पापुद्र्यांनी बनलेला असल्यामुळे फुटताना त्याच्या चपट्या, धारदार कपच्या होतात. रहदारीने त्या दबून आडव्या झाल्या की रस्ता बरा असतो. पण ग्रेडर फिरून गेला की त्या उलथतात आणि धारेची बाजू वर करून उभ्या राहतात. शिवाय ग्रेडर रस्त्याच्या मधोमध सुट्या खडीचा लांबच लांब बांध सोडून जातो. समोरून मालट्रक येत असताना तो बांध ओलांडण्याची वेळ आली म्हणजे पुढच्या चाकाची परीक्षा होते. डाल्टनवर निराळीच आपत्ती. धूळ बसावी आणि रस्ता घट्ट राहावा म्हणून त्यावर कॅल्शियम क्लोराइड पसरतात. कोरडे असताना काम उत्तम होते. पाऊस पडला की त्याचा साबणासारखा निसरडा चिखल होतो.

हे वर्णन ऐकून नवखा प्रवासी पहिला निष्कर्ष काढतो तो असा की ठळक बटणांचा, खोल नक्षीचा, शेतातसुद्धा चालेल असा टायर घ्यावा आणि निश्चिंत व्हावे. निष्कर्ष चुकीचा नाही, अपुरा आहे. रस्त्याचा सर्वांत वाईट तुकडा डोळ्यांसमोर ठेवून टायर निवडणे हे पावसाळ्यातील चार मुसळधार दिवसांसाठी वर्षभर रेनकोट घालून हिंडण्यासारखे आहे. आधी साधा हिशेब पाटीवर मांडावा.

समजा, स्वार व्हँकुव्हरहून निघाला. व्हँकुव्हर ते व्हाइटहॉर्स सुमारे २,४०० किलोमीटर. तेथून डॉसन सिटी ५३०. डॉसनहून टुक्टोयाक्टुकला जाऊन परत डॉसनला यायचे म्हणजे सुमारे १,८३०. डॉसनहून डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याने अलास्कातील फेअरबँक्स ६३०. फेअरबँक्सहून डेडहॉर्सला जाऊन येणे १,६००. आणि फेअरबँक्सहून व्हँकुव्हरला परतणे सुमारे ३,३५०. एकूण बेरीज दहा हजार किलोमीटरांच्या थोडी वर जाते. यांपैकी खडीचा रस्ता किती? तीन हजारांच्या आत. म्हणजे ज्या खडीच्या भीतीने टायर निवडायचा, ती सबंध प्रवासाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी आणि उरलेले सारे डांबर.

आता टायरचे आयुष्य पाहावे. मऊ रबराचा आणि मोठ्या बटणांचा टायर सामानाने लादलेल्या जड मोटारसायकलच्या मागच्या चाकावर साधारणपणे पाच ते सहा हजार किलोमीटर टिकतो. डांबरावर तो अधिकच झपाट्याने झिजतो, कारण तेथे सारा भार बटणांच्या माथ्यांवर येतो. याउलट कठीण रबराचा, मधोमध जवळजवळ सलग पट्टा असलेला टायर बारा हजारांच्या आसपास जाऊ शकतो. पहिल्या प्रकारात कॉन्टिनेन्टल कंपनीचा टीकेसी ८० आणि दुसऱ्यात हायडेनाऊचा के६० या टायरांची नावे प्रवाशांच्या तोंडी असतात. व्हँकुव्हरला मऊ टायर चढवून निघालेल्या स्वाराचा हिशेब असा होतो की डॉसनला पोचेपर्यंत, म्हणजे खरी खडी सुरू होण्याच्या आतच, त्याचा निम्मा टायर डांबराने खाल्लेला असतो. डेम्प्स्टर करून तो फेअरबँक्सला येतो तेव्हा सुमारे ५,४०० किलोमीटर झालेले असतात आणि डाल्टनचा निसरडा चिखल पुढे वाढून ठेवलेला असताना मागचे चाक गुळगुळीत झालेले असते. ज्या दिवसासाठी बटणे घेतली त्याच दिवशी ती नसतात.

यावर अनुभवी लोक निरनिराळे तोडगे सांगतात. कोणी बटणांचे टायर पाठीमागे बांधून नेतात आणि व्हाइटहॉर्सला वा डॉसनला बदलतात. त्यात वजन वाढते, वारा अडतो आणि उतरवलेले टायर ठेवायचे कोठे हा प्रश्न उरतो. कोणी एकाच कठीण टायरवर सारा प्रवास उरकतात. सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो मधला मार्ग. पुढच्या चाकाला बटणांचा टायर आणि मागच्या चाकाला कठीण, दीर्घायुषी टायर. पुढचे चाक इंजिनाची ओढ सोसत नाही, त्यावर सामानाचा भारही कमी पडतो. त्यामुळे पुढचा टायर मागच्याच्या मानाने पुष्कळ अधिक टिकतो आणि तेथे मऊपणा परवडतो. शिवाय चिखलात मागचे चाक घसरले तर गाडी शेपूट हलवल्यासारखी डोलते, पण सावरता येते. पुढचे चाक घसरले तर सावरण्यास वेळच मिळत नाही. पकड जेथे जिवावर बेतते तेथे पकड घ्यावी आणि जेथे केवळ खिशावर बेतते तेथे टिकाऊपणा घ्यावा.

याला जोड म्हणून मागचा एक नवा टायर फेअरबँक्सच्या कार्यशाळेत आधीच मागवून ठेवावा. आधीच म्हणजे निघण्यापूर्वी काही आठवडे. टायर हाती आल्याचा निरोप मिळवून, बदलण्याचा दिवस ठरवून. या प्रदेशात मोटारसायकलचा हंगाम जूनपासून ऑगस्टपर्यंतचा. त्या थोड्या दिवसांत सर्वांना एकाच मापाचे टायर हवे असतात आणि दुकानदाराने साठा तरी किती करावा? हवे ते माप नसले तर दक्षिणेकडून येईपर्यंत स्वार मुक्कामाला पडतो. तेथील लॉजची भाडी पाहता हा मुक्काम टायरपेक्षा महाग पडण्याचा संभव असतो.

टायर विकत घेताना त्याच्या बाजूवर छापलेली अक्षरे वाचण्याचा कंटाळा करू नये. मापाच्या पुढे एक अंक आणि एक अक्षर असते. अंक भाराचा. ६९ या अंकाचा अर्थ तो टायर ३२५ किलोग्रॅम भार पेलू शकतो. अक्षर वेगाचे. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, टी म्हणजे १९०. या रस्त्यांवर ताशी ६० ते ८० च्या पुढे जाणे हेच अविचाराचे असल्यामुळे अक्षराची चिंता कमी, अंकाची जास्त. चार अंकी आणखी एक खूण असते. २३२५ असे लिहिले असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. वर्षानुवर्षे गोदामात पडलेले रबर कठीण होते आणि ओल्या रस्त्यावर दगा देते, मग नक्षी कितीही नवी दिसो.

ट्यूब असलेले चाक की ट्यूबविरहित, हा निर्णय बहुधा गाडी घेतानाच होऊन गेलेला असतो. ट्यूबविरहित टायरला भोक पडले तर चाक न काढता बाहेरूनच रबरी दोरी खुपसून ते बुजवता येते आणि अर्ध्या तासात मार्गस्थ होता येते. तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते. २०१६ मध्ये आलेली रॉयल एन्फिल्डची हिमालयन गाडी अशीच तारांच्या चाकांची आणि ट्यूबची होती. तेथे चाक काढून, टायर उकलून ट्यूबला ठिगळ लावण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र तारांचे चाक दगडावर आपटून वाकले तरी बहुधा चालते. ओतीव चाकाला तडा गेला तर दोरीही उपयोगाची नाही. ज्याच्याकडे जी गाडी आहे तिचे गुणदोष ओळखून तयारी करावी, हे बरे.

हवेविषयी प्रवाशांत फार वाद आहेत. खडीवर हवा थोडी कमी केली की टायर दगडाला लपेटून घेतो आणि पकड वाढते, हे खरे. पण सामानाने लादलेल्या गाडीची हवा फार उतरवली तर दगडाचा आघात थेट रिमवर जातो, ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाऊन तिला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात आणि टायर दुमडत राहिल्याने तापतो. नेहमी ४० पौंड हवा लागत असेल तर खडीवर तीन-चार पौंड कमी करणे पुरे. थंडीचा हिशेबही विसरू नये. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधील एक पौंड हवा आपोआप कमी होते. व्हाइटहॉर्सला दुपारी २५ अंशांत भरलेली हवा टुक्टोयाक्टुकला पहाटे ३ अंशांत चार पौंडांनी कमी भरते. म्हणून हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, आपल्याच मापकाने मोजावी. इनुविकमध्ये १९६० साली उभे राहिलेले, मॉरिस लारॉक या मिशनरी बंधूंनी रचलेले बर्फाच्या घुमटाच्या आकाराचे शुभ्र चर्च आहे. ते पाहायला बहुतेक प्रवासी थांबतातच; त्या थांब्यात दोन्ही चाकांची नक्षी बोटांनी चाचपून घ्यायलाही हरकत नसावी.

निघण्याच्या आदल्या रात्री सामान गाडीवर बांधताना एक मोह होतो. वजन फार झाले, पंप काढून टाकावा का? सुटी ट्यूब खरेच लागेल का? या मोहाची एक गोष्ट ज्याच्या नावाने हा रस्ता आहे त्याच्याशीच निगडित आहे. २१ डिसेंबर १९१० रोजी पोलीस निरीक्षक फ्रान्सिस फिट्झजेरल्ड आणि त्याचे तीन सोबती कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून टपालासह डॉसनला निघाले. प्रवास लवकर उरकावा म्हणून शिधा आणि सामान नेहमीपेक्षा कमी घेतलेले. वाटेत भेटलेला इसाऊ जॉर्ज हा ग्विचिन जमातीचा वाटाड्या काही दिवस पुढे चालला. मग त्याला पैसे देऊन परत पाठवण्यात आले. त्यानंतर फॉरेस्ट नावाचा ओढा त्यांना सापडेना. शोधण्यात दिवस गेले, शिधा संपला, परत फिरल्यावर कुत्री मारून खाण्याची वेळ आली आणि फेब्रुवारी १९११ मध्ये चौघेही फोर्ट मॅकफर्सनपासून फार दूर नसताना मरण पावले. त्यांच्या शोधासाठी डॉसनहून जी तुकडी निघाली तिचा प्रमुख विल्यम डेम्प्स्टर. मार्चमध्ये त्याला त्यांचे देह सापडले. चौघांची थडगी फोर्ट मॅकफर्सनला आहेत आणि महामार्गावरून जाणारे स्वार तेथे पेट्रोलसाठी थांबतात. मत्तयच्या शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दाखला ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दिव्याबरोबर तेलाची कुपी नेणाऱ्या पाच जणींची येथे आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

तेव्हा सुटी ट्यूब, पंप, लोखंडी पट्ट्या, ठिगळे आणि सोल्यूशन हे सामान काढून टाकण्याच्या यादीत कधीच नसावे. दोन्ही चाकांसाठी दोन ट्यूब नेणे शक्य नसेल तर पुढच्या चाकाची, मोठ्या व्यासाची, एक न्यावी. २१ इंची ट्यूब घडी घालून मागच्या १८ इंची टायरमध्ये वेळप्रसंगी बसवता येते. उलट करता येत नाही. वायूच्या लहान नळकांड्यांवर भिस्त ठेवू नये. चार नळकांडी संपली की संपली. हातपंप दंड भरून येईपर्यंत का होईना, हवा देतच राहतो.

मात्र सामान नेले म्हणजे काम झाले असे नाही. ते वापरण्याचा सराव घराच्या अंगणात करावा, तोही दुसऱ्याने सांगितल्याप्रमाणे बघत बसून नव्हे, स्वतःच्या हातांनी. रिमला घट्ट चिकटलेली टायरची कडा प्रथम सोडवावी लागते. जोडीदार असेल तर टायर जमिनीवर आडवा ठेवून त्याच्या कडेवर जोडीदाराच्या गाडीचे बाजूचे स्टँड टेकवावे आणि गाडीचा भार हळूहळू त्यावर द्यावा, कडा सुटते. मग एका बाजूची कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरावी, म्हणजे समोरच्या बाजूला लोखंडी पट्टी घालण्यापुरता सैलपणा मिळतो. ही एक गोष्ट ज्याला कळली त्याचा टायर पंधरा मिनिटांत उकलतो. ज्याला कळली नाही तो तासभर झटतो, घाम गाळतो आणि अखेर पट्टीच्या टोकाने नवी ट्यूबही फाडून ठेवतो. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडके फिरवून पाहावे. शेलची कपची आतच रुतून राहिली असेल तर नवी ट्यूब दहा किलोमीटरही जाणार नाही. फडके अशासाठी की बोट कापू नये. आत थोडी शंखजिऱ्याची पूड टाकली तर ट्यूब टायरला चिकटत नाही. हे सर्व जून-जुलैमध्ये डासांच्या ढगात करावे लागते, म्हणून डोक्यावरून घेण्याची जाळी हत्यारांच्या पिशवीतच ठेवलेली बरी.

टायरची बाजू चिरली तर यांपैकी कशाचाच पक्का उपयोग नाही. जाड रबराचा एखादा तुकडा आतून लावून, वेग अगदी कमी ठेवून जवळच्या वस्तीपर्यंत जाता आले तर नशीब. नाही तर रस्त्याच्या कडेला थांबून येणाऱ्या पहिल्या ट्रकला हात करावा. या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी मोबाइल लागत नाही. उपग्रहाद्वारे निरोप धाडणारे लहानसे यंत्र अनेक जण आता जवळ ठेवतात, ते योग्यच आहे. थांबलेल्या माणसाला टाकून पुढे न जाण्याची तिकडे रीत आहे. त्या रिवाजाचा मान ठेवायचा तर स्वतः जाताना वाटेत थांबलेली गाडी दिसली की वेग कमी करून विचारपूस करावी.

डेडहॉर्सहून फेअरबँक्सला परत आले की टायर बदलण्याआधी एक काम करायचे. कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओलावा धरून ठेवते आणि धातू खाते. त्याचा चिखल वाळला की सिमेंटसारखा होतो. चाकाच्या तारा, त्यांच्या टोकांवरील चाक्या, ब्रेकच्या चकत्या आणि साखळी यांवर तो तसाच राहिला तर घरी पोचेपर्यंत गंज धरतो. तेव्हा पैसे टाकून गाडी धुण्याची जी जागा दिसेल तेथे भरपूर पाण्याने, खालून आणि आतून, चाके स्वच्छ धुवावीत. नंतर एकेक तार बोटाने वाजवून पाहावी. जी तार बद्द आवाज देते ती सैल झाली आहे, आणि पुढे व्हँकुव्हरपर्यंतचे ३,३५० किलोमीटर अजून बाकी आहेत.